हरताळ न लागलेली पोथी

छापखान्याचा पत्ताही नव्हता, तेव्हाची गोष्ट. एका गावात एक हौशी लेखक राहत होता. गावची विहीर कशी खणली गेली, याची पोथी त्याने एका दमात लिहून काढली आणि एकदाही मागे वळून न वाचता थेट नगरातली पोथीशाळा गाठली.

पोथीशाळेत वर्षाकाठी एकच नवी पोथी निवडली जाई. वीस लेखनिक तिच्या नकला करत आणि ती गावोगावी वाचली जाई. उरलेल्या पोथ्या माळ्यावर जात. तिथे त्यांची गोडी फक्त उंदरांना कळे. आपली पोथी उंदरांच्या तोंडी पडू नये, एवढीच बिचाऱ्याची इच्छा होती.

पोथीशाळेचा कारभार पाहणाऱ्या बाईंनी पानं चाळली. "यात हरताळ कुठेच दिसत नाही?"

त्या काळी चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप फासत आणि तो वाळला की वर नवं लिहीत. लेखकाची छाती फुगली. "चूकच नाही, तर हरताळ कशाला?"

"अस्सं! निवड आठ दिवसांनी आहे. हरताळ लावून आणा, मग बघू."

लेखकाला वाटलं, इथे पिवळा रंग बघूनच निवड होते! घरी येऊन त्याने दिसेल तिथे पट्टे ओढले.

"अहो, पोथी लिहिताय की भिंत रंगवताय?" बायकोने विचारलं. पण ऐकतो कोण!

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्या लेखनिकांसमोर मोठ्याने वाचलं, "आणि अखेर विहिरीला... लागलं!" मधला 'पाणी' हा शब्द हरताळाखाली गडप झाला होता.

"काय लागलं? कुलूप?" एका लेखनिकाने विचारलं. सगळे खो खो हसले. लेखकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई हसू आवरत म्हणाल्या, "हरताळ कुठे लावायचा, ते चार माणसांना वाचून दाखवल्याशिवाय कळायचं नाही. ती कुठे जांभया देतात, तेवढं बघा."

घरी शेजारणी पापड लाटायला जमल्या होत्या. लेखक वाचू लागला. पहिली पाच पानं त्याच्या पणजोबांच्या थोरवीची होती. तिसऱ्या पानावर बायकांनी कोणाच्या तरी लग्नाचा विषय काढला.

"भावजी, पणजोबा थोर होते, मान्य! पण विहिरीचं काय झालं?" एकीने विचारलं.

लेखकाला ते फार लागलं. तीच पानं त्याची सर्वांत लाडकी होती. दोन दिवस त्याने कुंचला हातात घेतला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र मन घट्ट करून पाचही पानांवर हरताळ फासला. पुन्हा वाचून दाखवलं, पुन्हा खोडलं, पुन्हा लिहिलं. सातव्या दिवशी तो वाचत असताना लाटणी थांबली. लाट्या वाळून कडक झाल्या, तरी कोणाचं लक्ष नव्हतं.

त्या वर्षी त्याचीच पोथी निवडली गेली! नकला सुरू झाल्या आणि अर्ध्या तासात एका लेखनिकाचा बोरू थांबला.

"काय झालं? शाई संपली?" बाईंनी विचारलं.

"शाई आहे हो बाई. पण पुढच्या पानावर काय होतं, ते आधी बघून घेतो!"

तात्पर्य काय, तर आपल्या लाडक्या ओळींवर स्वतःच्या हाताने हरताळ फासण्याची ज्याची तयारी असते, त्याचंच पुस्तक लोकांना खाली ठेववत नाही.