वजिराची पाठ

गंजिफाची, म्हणजे जुन्या पत्त्यांच्या खेळाची, गोल पानं हाताने रंगवायचे, त्या काळी चितारींचं घर खेळांसाठी नावाजलेलं होतं. पान समोरून कितीही नटवलं तरी मागून सगळी सारखीच तांबडी असायची. पाठीवर रंगाचा एवढासा ठिपका उडाला, तरी धोंडूअण्णा चितारी ते पान चुलीत टाकायचे. "पाठीवरून पान ओळखू आलं तर डाव कसला?" असं म्हणायचे.

पुढे अण्णांच्या नातीने, मृणालने, कारखान्यात एक स्क्रीन आणली. "आता आपले खेळ हिच्यावर," ती म्हणाली.

कपाटातल्या वजिराच्या पानाला संशय आला. "ए बाई, जरा पाठ दाखव."

स्क्रीन वळली. पाठ काळी, कोरी होती. बाकीची पानं खूश झाली, पण वजीर काही हटेना.

"डाव वाटल्यावर तुला कुणाच्या हातातली पानं दिसतात?"

"सगळ्यांच्या."

"आणि खेळणारे?"

"तेही दिसतात. कोण चिडतो, कोण चुकतो, कुणाला डाव सोडून उठवत नाही."

"हे तू कुणाला सांगतेस?"

स्क्रीनने नुसताच रंगीत उजेड पाडला.

चितारींचे खेळ देशोदेशी गेले. काचेची भलीमोठी इमारत उभी राहिली. तिच्या दारात, स्क्रीनसमोर, वजिराला मानाने काचपेटीत ठेवलं. पण रोज सकाळी तो पाठमोरा सापडतो. मृणालताई त्याला सरळ करतात आणि हसून विचारतात, "रुसलास का रे?"

वजीर बोलत नाही. समोर स्क्रीन ऐकत असते.