आवळायची राहिलेली पट्टी

एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात तुळशीराम नावाचा एक ट्रकवाला राहायचा. माणूस मनाने चांगला, कामाला वाघ, पण त्याला मिरवायची भारी हौस.

त्याच गावात दाजीबा मिस्त्री होते. तुळशीरामच्या जुन्या डिझेल ट्रकला त्यांनी मोठा टर्बो बसवून दिला. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. हवा जास्त, तर ओढ जास्त. जो ट्रक घाटात धापा टाकायचा, तो आता भरल्या मालानिशी सरसर चढायला लागला. बाकीचे ड्रायव्हर बघत राहायचे आणि हा गडी मिशीला पीळ भरायचा.

मिस्त्रींनी त्याला हवेचा रबरी पाईप दाखवून बजावलं होतं, "तुळशीराम, दाब वाढलाय, आता सगळा जोर ह्या पाइपावर येणार. तो कोरडा ठणठणीत करूनच बसवायचा, वरची पट्टी घट्ट आवळायची. आणि एक फेरी मारून गाडी तापली की पुन्हा एकदा आवळायची. पट्टी ढिली पडते, बाबा."

"होय काका," तुळशीराम म्हणाला. होय म्हणायला काय जातं?

दसरा आला. तुळशीरामने ट्रक धुतला, झेंडूच्या माळा घातल्या, इंजिनाचं झाकण उघडलं. पाईप धुळीने माखलेला. पूजेला असा मळका पाईप त्याला बरा दिसेना. त्याने तो काढला, आतून-बाहेरून गोडेतेल चोळून चकचकीत केला, परत सरकवला आणि पट्टीचा स्क्रू दोनदा फिरवून सोडून दिला. मग हळदकुंकू वाहून नारळ फोडला. देवाला पाईप चकचकीत हवा की घट्ट, हा विचार त्याच्या डोक्यात आला नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रक चढाला शीळ घालायला लागला. पोरांना गंमत वाटली, तुळशीरामची छाती फुगली. मिस्त्री मात्र आवाज ऐकून रस्त्यावर आले.

"ही शीळ बरी नव्हे. हवा गळतेय. थांब, पाना आणतो."

"आत्ता नको काका, माल पोचवायचाय. उद्या नक्की."

तो उद्या काही उजाडला नाही. आठ दिवस असेच गेले.

नवव्या दिवशी भर दुपारी मिस्त्रींच्या छातीत कळ आली. इस्पितळ घाटाच्या वर आणि गावात तेव्हा दुसरी गाडी नाही. तुळशीराम धावत आला. त्याने मिस्त्रींना उचलून केबिनमध्ये निजवलं आणि त्यांच्या बायकोला, द्वारकाबाईंना, शेजारी बसवलं.

"काका, धीर धरा. अर्ध्या तासात पोचवतो," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

निम्मा घाट चढला आणि फाडकन आवाज झाला. ट्रकची ओढच गेली, मागे काळ्या धुराचा लोट उठला. पाईप निसटला होता आणि पट्टी कुठेतरी दरीत जाऊन पडली होती. तुळशीरामने चटके सोसत पाईप बसवला, तारेने बांधला. पुढच्या वळणावर तेलावरून सरकून तो पुन्हा सुटला. पुन्हा बांधला, पुन्हा सुटला. शेवटी त्याने ट्रक तसाच पहिल्या गिअरात रखडत नेला. डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बायकासुद्धा त्याला मागे टाकून पुढे गेल्या.

"काय झालं हो गाडीला?" द्वारकाबाईंनी रडत नवऱ्याला विचारलं.

मिस्त्रींनी तुळशीरामच्या तेलकट हातांकडे पाहिलं. उभा जन्म इंजिनात गेलेला माणूस, त्यांना काय सांगावं लागणार?

"काही नाही," ते कसंबसं म्हणाले. "मशीन आहे, चालायचंच." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

इस्पितळ गाठायला दीड तास लागला. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. "तासभर आधी आणलं असतं, तर काही करता आलं असतं," ते म्हणाले.

तेराव्याच्या पंगतीत तुळशीराम खाली मान घालून बसला होता. द्वारकाबाई वाढायला आल्या आणि त्याच्यापाशी थांबल्या. सगळ्यांच्या देखत त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"ह्याने त्या दिवशी जिवाचं रान केलं," त्या म्हणाल्या. "पोटच्या पोराने केलं नसतं इतकं केलं. जेव रे बाबा, पोटभर जेव."

तुळशीरामला खरं सांगायचं होतं. त्याने तोंड उघडलंही, पण तेवढ्यात त्या माऊलीने पानात आणखी एक घास वाढला, आणि तो त्याला गिळावा लागला.

तात्पर्य एवढंच, बाळांनो: दोन मिनिटांचं काम उद्यावर ढकलताना त्याची झळ आपल्यालाच लागेल असं आपण धरून चालतो, पण ती लागते भलत्यालाच, आणि मग माफी मागायला ते माणूस उरत नाही.