एका बैलाचं ओझं

राजे गंभीररावांना दोन महिने देवडोंगरावर जाऊन राहायचं होतं, आणि सामानाची यादी चाळीस गाड्यांची झाली होती. घाटाची वाट मात्र एका वेळी एक बैल जाईल एवढीच!

“गाद्या, समया, तांब्याचं घंगाळ, तीन आचारी, पाच गवई...” दिवाणजी वाचत होते.

“वाचू नका, वर कसं न्यायचं ते सांगा,” राजे म्हणाले. “तिथे म्हणे ढग अंगणात उतरतात. माणसं लाकडी मुखवटे लावून नाचतात. मला ते सगळं बघायचंय. पण माझी गैरसोय झालेली चालणार नाही.”

दिवाणजींनी यादी खाली ठेवली आणि कपाळ पुसलं.

राजांच्या कपड्यांची व्यवस्था बघणारी गोजरा कोपऱ्यात उभी होती. तिलाही राजांबरोबर डोंगरावर जावं लागणार होतं, पण तान्ही मुलं रडतात म्हणून ती माणसांबरोबर आणायची नाहीत, असा हुकूम होता. तिची चिमा नऊ महिन्यांची. वरचं दूध तिला पचत नसे. दोन महिने तिला ठेवायचं कुणाकडे? या काळजीत गोजराने सकाळपासून एकाच अंगरख्याची तीनदा घडी घातली होती.

“महाराज, एका बैलावर मावेल सगळं,” ती म्हणाली.

“तुझ्या घरचं बोचकं वाटलं काय ते?” दिवाणजी हसले.

राजे हसले नाहीत. “ठीक. पण माझ्या अटी ऐक. बैल एकच. वर गेल्यावर मला काही कमी पडता कामा नये. आणि डोंगरातल्या लोकांकडे काडीसुद्धा मागायची नाही. राजा कुणाकडे मागत नसतो.”

“आणि जमलं तर माझी चिमा?”

“राहील तुझ्याजवळ. एक वस्तू जरी कमी पडली, तर पोर खाली आणि तू दोन महिने वर.”

गोजराने विचारलं, “बैलावर काय घालायचं ते मी ठरवायचं ना?”

“तूच. मी दोरीलाही हात लावणार नाही.”

निघायच्या दिवशी बैल आला. त्याच्या एका बाजूला मिठाचं पोतं, दुसऱ्या बाजूला तोलाला वेताचा हारा. हाऱ्यावरचं फडकं हललं आणि आतून चिमाने तोंड बाहेर काढलं.

“महाराज!” दिवाणजी ओरडले. “हुकूम होता, माणसांबरोबर तान्हं मूल न्यायचं नाही.”

“माणसांबरोबर कुठे, दिवाणजी? ती ओझ्यात आहे,” गोजरा म्हणाली.

राजांची मिशी जराशी हलली. “येऊ दे. आज नाही तर उद्या परत पाठवायचीच आहे.”

घाट चढून मंडळी देवडोंगरावरच्या करवंदवाडीला पोचली. वीस-पंचवीस घरं. राजे घोड्यावर, आणि गाव दूर उभं राहून बघतंय. कुणी पुढे येईना. मागायची तर बंदी! दिवाणजी पोटावर हात ठेवून बसले.

गोजराने चिमाला कडेवर घेतलं आणि पहिल्या घरात गेली. चुलीपाशी एक म्हातारी होती.

“कोणाची गं तू?”

“खालची, आजी. माझी आई याच डोंगरातली. ही माझी लेक पहिल्यांदाच आलीय.”

“पहिल्यांदाच?” म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. “मग अशी कशी जाईल?”

पहिल्यांदा उंबरा ओलांडून आलेलं मूल रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, ही त्या डोंगराची रीत. म्हातारीने चिमाच्या गालाला काजळाची तीट लावली आणि जुन्या लुगड्यांची मऊ वाकळ तिच्या अंगावर टाकली. गोजराने म्हातारीच्या चुलीपाशी दोन ओंजळी मीठ ठेवलं. मीठ तिथे दोन दिवसांच्या वाटेवरून यायचं. म्हातारीचा चेहरा फुलला.

मग दुसरं घर. तिसरं. कुणी मध दिला, कुणी तिच्या आईसाठी शेळीचं दूध, कुणी नाचणीची गरम भाकरी आणि वर लोण्याचा गोळा. एकाने आपली रिकामी खोली सारवून दिली. “बाळाला वारा लागेल,” म्हणाला. एक म्हातारबाबा तारपा वाजवत आले. तो ऐकून पोरं मुखवटे घेऊन धावली, आणि बाळाला हसवायला सगळं गाव नाचायला लागलं. ढगही अंगणात आला.

राजे घोड्यावरून कधी उतरले, त्यांनाच कळलं नाही. वाकळीवर बसून ताल धरला होता. मग एकदम हात थांबला.

“गोजरे, तू हरलीस.”

“का, महाराज?”

“वाकळ तुझ्या लेकीची. भाकरी तिची, खोली तिची, गाणंसुद्धा तिचंच. मला कुणी काय दिलं? आणि मागायचं तर मी मागणार नाही.”

दिवाणजींनी बरोबरच्या घोडेस्वाराला पोर खाली न्यायची खूण केली. पण गोजरा पुढे आली आणि तिने चिमाला सरळ राजांच्या मांडीवर ठेवलं.

“मागू नका, महाराज. नुसतं धरा.”

राजांनी आयुष्यात पोर धरलं नव्हतं. ते ताठ बसले. चिमाने त्यांच्या मिशीकडे पाहिलं. आपल्या तोंडातला भाकरीचा ओला तुकडा काढला, नीट न्याहाळला, आणि राजांच्या तोंडात कोंबला.



“घास मागितलात का, महाराज?” गोजराने विचारलं.

“नाही,” राजे घास चावत म्हणाले.

“मिळाला?”

“मिळाला.”

“मग आता काय कमी आहे, ते आपणच सांगा.”

राजांनी वाकळ पाहिली, मध पाहिला, नाचणारे मुखवटे पाहिले. तोवर चिमाने दुसरा तुकडा तयार ठेवला होता. राजे असे हसले की घोडे बिचकले.

“दिवाणजी, घोडेस्वाराला बसवा खाली आणि जेवू घाला. हा बैल आजपासून गोजराचा. आणि ती चाळीस गाड्यांची यादी फाडा. पुढच्या वर्षीसाठी नवी लिहा.”

“काय लिहू, महाराज?”

“एक बैल, एक पोतं मीठ,” राजे गालावर लागलेलं चिमाच्या तीटेचं काजळ न पुसता म्हणाले, “आणि हाऱ्यात चिमाबाई. बाकीचं त्या बघतील.”