उतरता खांदा

एका डोंगरगावात येसू नावाची एक मेंढपाळीण राहत होती. तिचा नवरा बिरू मेंढरं घेऊन पठारावर गेला आणि तिकडेच तापाने दगावला. घरात उरल्या दोघी, येसू आणि तिची आंधळी सासू.

येसूचा जीव कशात लागेना. शेवटी तिने त्याच्याच मेंढरांची लोकर कातली, सुया घेतल्या आणि बिरूलाच विणायला बसली. पाठीच्या कण्याला जाड पीळ घातला, बरगड्यांना उलट टाके, हातावरच्या शिरांना निळा धागा. नाकं मुरडायला गावाला शिकवावं लागत नाही. बायका टोपरी विणतात, ही बाई माणूस विणायला निघाली, असं जो तो म्हणू लागला. डावा खांदा तिने उतरता ठेवला. दमलेली कोकरं वाहून वाहून बिरूचा तो खांदा तसाच झाला होता.

रोज संध्याकाळी, विणलेला बिरू टांगला होता त्या भिंतीपाशी सासू येई. विणलेल्या पाठीवरून हात फिरवी, त्या खांद्याशी थांबे आणि मगच जेवायला बसे.

ही गोष्ट राजाच्या कानावर गेली. त्याचा कारभारी आला आणि बघतच राहिला. "हे राजवाड्यात लावू. सारा मुलूख तुझ्या नवऱ्याला बघेल. तेवढा खांदा सरळ कर," तो म्हणाला.

येसूला मोह पडला. आपला माणूस कुणी विसरू नये, एवढंच तर तिला हवं होतं. तिने खांदा उसवला आणि उजव्यासारखा नीटस विणला.

संध्याकाळी सासूचा हात खांद्याशी आला आणि घुटमळला. तिने पुन्हा चाचपून पाहिलं.

"ह्यो कुणाचा गं ल्योक?" तिने विचारलं.

येसूने सुया पुन्हा हातात घेतल्या. तिने धाग्याचं टोक शोधलं, सगळा खांदा उसवला आणि मन लावून पुन्हा विणला, होता तसा.

कारभारी पालखी घेऊन आला, तेव्हा ती म्हणाली, "त्यांचा खांदा असाच हुता. न्यायचं तर असंच न्या."

कारभारी रिकामी पालखी घेऊन परत गेला.

त्या संध्याकाळी सासूचा हात उतरत्या खांद्यावर येऊन विसावला.

"आलास व्हय रं," ती हळूच म्हणाली.

येसूने डोळ्यांना पदर लावला. मग दोघी जेवायला बसल्या.

तात्पर्य: गेलेलं माणूस होतं तसंच आठवावं, जगाला आवडावं म्हणून त्याचं व्यंग पुसायला गेलं, तर ते दुसऱ्यांदा हातचं जातं.