तुळसाबाईचे बाळंतपण

पांझरेच्या काठी कासारखेडे नावाचे गाव आहे. तिथल्या धर्मशाळेत निवांत महाराज राहत असत. त्यांच्याकडे तुळसाबाई कासारीण रोज दर्शनाला येई. ती विधवा होती. दारोदार बांगड्या भरून ती पोट भरी.

तिचा एकुलता मुलगा केरबा तिशीला आला आणि त्याचे चित्त बिघडले. एकदा संतापाच्या भरात त्याने आईवर हात उगारला, बांगड्यांची पाटी आपटली आणि तो घर सोडून गेला. त्याला बारा वर्षे झाली. तुळसाबाई मात्र रोज दुपारी त्याचे ताट वाढी आणि मग ते गाईला घाली.

दिनकरशास्त्री हे गावातले मोठे विद्वान होते. ते भर रस्त्यात विचारीत, "काय गं तुळसे, जिवंताला वाढतेस की पितराला?"

"लेकराला वाढते, बुवा. त्याचं डोकं फार दुखायचं हो. तो वाईट नव्हता."

बारा वर्षे ठावठिकाणा नसलेल्या माणसाचा पळसाच्या देठांचा पुतळा करून दहन करायचे, असा रिवाज आहे. भाऊबंदांच्या घरी लग्न ठरत होते. ते म्हणाले, "लग्नाआधी त्याची क्रिया झाली नाही, तर तुला वाळीत टाकू." शास्त्रीबुवांनी मुहूर्तही काढला, माघ वद्य द्वितीयेची दुपार.

तुळसाबाई महाराजांपाशी रडत आली. "महाराज, माझ्या जित्या पोराला मी कसं जाळू देऊ?"

महाराज म्हणाले, "बाई, देठं जळू देत. लेकराचं मी बघतो."

द्वितीयेला नदीकाठी तीनशे साठ देठांचा पुतळा रचला. तुळसाबाईच्या पुतण्याने अग्नी दिला. त्याच वेळी इकडे धर्मशाळेत महाराज तूर निवडत बसले होते. ते एकदम ओरडले, "अरे, दार उघडा!" आणि पाहता पाहता त्यांचा उजवा हात तळव्यापासून कोपरापर्यंत भाजून निघाला. जवळपास ना चूल, ना दिवा!

शास्त्रीबुवांना हे कळले तेव्हा ते हसले. "चुलीत हात घातला असेल. आता चमत्कार म्हणून मिरवतील."

दहाव्या दिवशी सारे पुन्हा घाटावर जमले. महाराजही आले होते. इतक्यात दाढी वाढलेला, पाय सुजलेला एक माणूस पायऱ्यांपाशी येऊन थबकला. तुळसाबाईने त्याला चालीवरून ओळखले.

"केरबा!"

तो सांगू लागला, "कापसाच्या वखारीत कामाला होतो. द्वितीयेला दुपारी आग लागली. दाराला बाहेरून कडी. एवढ्यात कफनीवाल्या एकानं जाळातून उजवा हात घालून मला बाहेर ओढलं. म्हणाला, घरी जा, आई जेवायची थांबलीय. तवापासून डोकं शांत आहे. तसाच चालत आलो."

सगळ्यांची नजर महाराजांच्या हाताकडे गेली. तुळसाबाई धावली, पण भाऊबंद आडवे आले. "शिवू नकोस! त्याची क्रिया झाली. तो आता मेलेला."

महाराज म्हणाले, "शास्त्रीबुवा, क्रिया झालेला माणूस परत आला तर शास्त्र काय सांगतं?"

शास्त्रीबुवांचा आवाज खाली आला. "त्याचा... पुन्हा जन्म करायचा. स्नान, जातकर्म, नामकरण."

"मग करा की! बाळंतीण केव्हाची तयार आहे."

केरबाला नदीत न्हाऊ घातले. तुळसाबाईने त्याचे पिकलेले डोके मांडीवर घेतले, बोटाने मध-तूप चाटवले आणि कानात नाव सांगितले. तो हुंदके देत म्हणाला, "आई, मी तुझ्यावर हात उगारला होता गं."

"छे रे," ती म्हणाली, "तू तर आत्ता जन्मलास."

मंत्र म्हणता म्हणता शास्त्रीबुवा आसनावरून उठले. ते महाराजांपुढे आडवे झाले. "महाराज, मी जिवंत माणसाला जाळत होतो, आणि तो जाळ आपण सोसलात!"

महाराजांनी त्यांना उठवले. "बुवा, मी फक्त दार उघडलं. बारा वर्षं बोलावत होती ती. पाया तिच्या पडा."

आणि दिनकरशास्त्र्यांनी घाटाच्या ओल्या पायरीवर, सगळ्या गावासमोर, तुळसाबाई कासारणीच्या पायांवर डोके ठेवले.