पडसं झालेली घांगळी

फार वर्षांपूर्वी, शेवरपाड्याच्या वेशीवरची चिंच अजून गुडघ्याएवढी होती तेव्हा, तिथे काकड्या नावाचा घांगळीवाला राहत होता. घांगळी म्हणजे दोन वाळके भोपळे, त्यांना जोडणारी बांबूची नळी आणि नळीवर ताणलेल्या तारा. खळ्यावर भात आलं की काकड्याने घांगळी वाजवून कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची, गाणी म्हणायची आणि मगच भात घरी न्यायचं, अशी रीत होती. त्याने तार छेडली की डोंगरापलीकडची गुरं मान वर करायची, असं म्हणतात.

एका वर्षी पावसाने दगा दिला. लोंब्यांत दाणा भरला नाही. तरी काकड्याने खळ्यावर गाणी म्हटली आणि रीतीप्रमाणे प्रत्येक घराने त्याला सुपलीभर भात दिलं. ते आणि घांगळी घेऊन तो एकटाच नदीकडे गेला आणि तिन्हीसांजेला नुसती घांगळी घेऊन परत आला. बायकोला, मथीला, म्हणाला, "सांडलं."

महिन्याभराने देवीला आळवायला पाडा जमला. काकड्याने तार छेडली, तर सूर निघेना. नुसतं ढब ढब.

"काय रे काकड्या, घांगळीला पडसं झालं का?" कुणीतरी विचारलं आणि उपाशी माणसंही हसली.

पण पाड्याचा पुढारी बेंडू हसला नाही. तो म्हणाला, "असल्या आवाजाने देवी आणखी रुसेल. ऊठ तिथून."

काकड्याचा बाप त्या जागेवर बसत असे, आजाही बसत असे. काकड्याचे कान तापले. त्याला एक शब्द बोलता आला असता. पण तो उठला. घांगळी उचलून घरी आला आणि आढ्याला टांगून ठेवली.

उन्हाळ्यात लोकांनी आधी कणग्या झाडल्या, मग बियाणंही शिजवून खाल्लं. मथी रानातले कडू कंद तीन-तीन पाण्यांत उकडायची. तिचे हात काटक्यांसारखे झाले. काकड्या तिच्याकडे बघायचा, मग आढ्याकडे बघायचा आणि मान खाली घालायचा.

शेवटी पाऊस आला, चांगला भरपूर आला. शेतं भिजली आणि माणसं बांधावर नुसती बसून राहिली. पेरणार काय?

तेव्हा काकड्याने घांगळी खळ्यावर आणली, तारा सोडल्या आणि एक भोपळा दगडावर आपटला. आतून भात सांडलं. भोपळ्यांत ते भरून त्याने तोंडं मेणाने बंद केली होती.

मथी पुढे आली. "माझ्या डोक्यावर भात टांगलं होतं आणि मी कंद उकडत होते?"

"सांगितलं असतं तर तेही उकडलं असतं," काकड्या म्हणाला.

 मग दुसरा भोपळा मथीनेच उचलून आपटला.

भोपळे दोन आणि घरं बावीस. पण सूप धरलं की सूप भरत होतं, असं म्हणतात. बेंडूचं सूप सगळ्यात शेवटी आलं, तेही भरलं. काकड्याची पाळी आली तेव्हा मात्र भात संपलं होतं. एका खापरीला आतून चिकटलेली भोपळ्याची एकच बी तेवढी उरली होती. ती मथीने दाराशी लावली. त्या वेलाला पाड्यातल्या प्रत्येक घरासाठी दोन-दोन भोपळे लागले, असं म्हणतात.

शेवरपाड्यात आजही खळ्यावर घांगळी वाजण्याआधी प्रत्येक घरातली बाई घांगळीच्या भोपळ्यात मूठभर भात टाकते. पहिलं गाणं त्या बद्द आवाजातच म्हणतात. मग ते भात काढून बियाणं म्हणून बांधून ठेवतात आणि दुसऱ्या गाण्याला तार मोकळी वाजते. पहिल्या गाण्याला एखादा पाहुणा हसलाच, तर शेजारची म्हातारी त्याला हळूच म्हणते, "हसू नको. पोट भरलंय तिचं."