वाळल्या फुलाचं नाव

"...मग 'मेलानँथा' हेच नाव पक्कं करू ना, सर?"

आजगावकर सर उशीला टेकून पडले होते. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात हयात गेली. आता अंगातला ताप काही केल्या उतरत नव्हता. सुव्रत त्यांचा लाडका विद्यार्थी. तब्येतीची चौकशी त्यानं दारातच उरकली होती.

मांडीवर त्यानं एक जाड कागद उलगडला. त्यावर तेरड्याच्या कुळातलं एक वाळकं रोप चिकटवलेलं होतं. कॉलेजच्या कपाटात ते कुणी कधी ठेवलं, कोण जाणे; कोपऱ्यात फक्त 'कातळाचा सडा, भाद्रपद' एवढंच लिहिलेलं. शास्त्रात त्याची अजून नोंद नव्हती. पाकळ्या काळ्याठिक्कर.

सरांनी नावाचा अर्थ विचारला, तसा सुव्रत खुलला. मेलास म्हणजे काळा, अँथोस म्हणजे फूल. शब्द ग्रीक, वर लॅटिनचा अंगरखा. कोश धुंडाळून बेतलेला होता, आणि गडी स्वतःवर भलताच खूश होता.

"जिवंत पाहिलंस?"

"नाही, सर. सड्यावर आता सगळं वाळलंय. ते भाद्रपदात फुलतं."

"मग भाद्रपदात जा."

कोल्हापूरचा एकजण याच रोपाच्या मागावर होता. थांबायचं म्हणजे हातातोंडाशी आलेला घास त्याच्या पानात वाढायचा. नाव ठेवणारा तो ठरणार, आणि सुव्रतची सगळी धडपड पाण्यात. त्याला रडूच यायचं बाकी होतं.

सरांनी शांतपणे सांगितलं, की पाकळ्या वाळल्या की काळ्या पडतात. झाडावर त्या पांढऱ्या असतील, पिवळ्या असतील.

"असतील. पण नियम तुम्हीच शिकवलात, सर. नाव एकदा छापलं, की अर्थ चुकला म्हणून ते बदलता येत नाही. कायमचं राहतं."

"कायमचं..."

सरांनी सुव्रतचा तळवा धरला आणि आपल्या कपाळावर ठेवला.

सुव्रत चरकला. "केवढा ताप आहे, सर..."

आल्यापासून त्यानं सरांना हातही लावला नव्हता. त्याची त्यालाच लाज वाटली. तरी दुसऱ्या हातातला कागद काही सुटला नाही.

सरांनी ते पाहिलं. डोळे मिटून घेतले.

"माझ्याबद्दल लिहायचं झालं, तर आज नको लिहूस," ते म्हणाले. "चार दिवसांनी ये... आणि लिही, सर थंड होते."